‘टेक प्लेस’ म्हणजे जागा घेणे का?

कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. ‘द मीटिंग विल टेक प्लेस ऑन मंडे’ या वाक्याचं सातवीतल्या एका मुलीनं ‘सभा सोमवारी जागा घेईल’ असं मराठी केलं. वर्ग हसला. मुलगी म्हणाली, ‘प्लेस म्हणजे जागा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना बाई?’ बाईंना उत्तर सुचलं नाही. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: प्लेस म्हणजे नक्की काय, ‘पृथ्वी’ आणि ‘प्लेस’ एकाच कुळातले आहेत हे खरं की थाप, आणि प्लॉट, पॅलेस, फ्लॅट हेही त्याच घरातले का.

बाई, मी सांगलीत तीसेक वर्षं कागदपत्रांची भाषांतरं करतोय. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, परदेशातल्या भाच्या-पुतण्यांची प्रतिज्ञापत्रं. मी भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण ‘प्लेस’ हा शब्द माझ्या टेबलावर रोज येतो आणि त्यानं मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पृथ्वीचं आधी सांगतो. ते खरं आहे, फक्त जसं फिरवलं जातं तसं नाही.

जुन्या ग्रीकमध्ये ‘प्लातुस’ म्हणजे रुंद. रुंद रस्त्याला ते ‘प्लातेइया होदोस’ म्हणत. ‘होदोस’ म्हणजे रस्ता. बोलता बोलता रस्ता गळाला आणि नुसतं ‘प्लातेइया’ उरलं, म्हणजे ‘रुंद ती’. विशेषणच नाम होऊन बसलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जुन्या महसुली भाषेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलंय ती. ‘माती’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, रंगावरून सगळं कळतं. ‘पांढरीत घर, काळीत मळा’ म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला आणखी काही विचारावं लागत नाही. ‘प्लातेइया’चं तसंच झालं.

तो शब्द लॅटिनमध्ये ‘प्लातेआ’ म्हणून गेला: रुंद रस्ता, मोकळं अंगण, चौक. पुढे फ्रेंचमध्ये त्याचा ‘प्लास’ झाला, इटालियनमध्ये ‘पियात्सा’, स्पॅनिशमध्ये ‘प्लाझा’, जर्मनमध्ये ‘प्लाट्झ’. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच आली. त्या लाटेत ‘प्लेस’ इंग्रजीत मुरला. मग चौकाचा झाला कुठलाही मोकळा भाग, मोकळ्या भागाचा झाला कुठलाही भाग, आणि सरतेशेवटी नुसतं ‘ठिकाण’. इंग्रजीत मूळ अर्थ आता दिसतो तो शहरातल्या काही छोट्या रस्त्यांच्या नि चौकांच्या नावांत. आपल्याकडे मात्र तो महामार्गावर उभा आहे. साताऱ्याहून पुण्याला जाताना आनेवाडीला आणि कराडकडं येताना तासवड्याला आपण थांबतो तो ‘टोल प्लाझा’. तिथं रस्ता अचानक रुंद होतो, चाराच्या दहा रांगा होतात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक माणसाला तो शब्द तिथं बरोबर बसलेला वाटला असता. आपण त्याला टोलनाका म्हणतो आणि पुढं जातो, ही गोष्ट वेगळी.

आता संस्कृतकडं या. ‘पृथु’ म्हणजे रुंद. त्याचं स्त्रीलिंगी ‘पृथ्वी’, म्हणजे रुंद पसरलेली. इथंही भूमी हा शब्द गळून विशेषण उरलं. पृथ्वीचं दुसरं नाव ‘उर्वी’, त्याचाही अर्थ तोच, रुंद. ‘मही’ म्हणजे मोठी. आपल्या पूर्वजांनी जमिनीकडं पाहिलं आणि तिचा पसाराच आधी डोळ्यांत भरला. ग्रीसमध्ये प्लातेइया नावाचं एक गाव होतं, इसवी सनापूर्वी ४७९ मध्ये तिथं ग्रीकांनी इराणी फौजेला हरवलं. त्या गावाचं नाव आणि आपली ‘पृथिवी’ हे एकाच जुन्या शब्दाचे दोन अवतार आहेत, असं अभ्यासक मानतात.

पण ‘प्लेस हा शब्द पृथ्वीवरून आला’ असं मोबाईलवर फिरतं, ते चूक. संस्कृत ही त्याची आई नव्हे. दोघींची आजी एक, जिचा आता एकही लिखित कागद उरलेला नाही. चुलत बहिणी म्हणा. नात्याचा पुरावा आवाजात असतो, आणि तो एका जोडीवर ठरत नाही, रांगच्या रांग जुळावी लागते. आपल्या ‘प’च्या जागी इंग्रजीच्या घरच्या शब्दांत ‘फ’ दिसतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. त्याच नियमानं ‘फ्लॅट’ म्हणजे सपाट हा शब्दही या रुंद-पसरट कुटुंबातला निघतो. राहायचा फ्लॅटही त्यातलाच. स्कॉटलंडमध्ये घराच्या मजल्याला हा शब्द होता, तिथून तो आला. विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेणारा माणूस नकळत पृथ्वीच्याच चुलत बहिणीचे हप्ते भरतोय. ‘प्लेट’ त्यातलीच, ‘प्लॅटफॉर्म’ त्यातलाच. ‘प्लॅटू’ म्हणजे पठार हाही त्यातला, म्हणजे २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या आपल्या कासच्या पठाराला इंग्रजीत जे म्हणतात, ते प्लेसचं सख्खं भावंड.

उगीच जुळवाजुळव करायची हौस आपल्यालाही कमी नाही. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, सात तटांचा म्हणून सातारा, हे लहानपणापासून ऐकतो. ऐकायला गोड आहे. मी वर्गात सांगितलं तर ‘असं म्हणतात’ एवढं जोडून सांगेन.

मला या सगळ्यात जास्त रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. ‘प्लेस’ येण्याआधी इंग्रज काय म्हणत होते? त्यांच्याकडं ‘स्टो’ आणि ‘स्टेड’ हे शब्द होते. दोन्हीच्या मुळाशी उभं राहणं आहे, आपला ‘स्था’ धातू तोच. ‘स्टो’ आता गावांच्या नावांत अडकलाय. ब्रिस्टल हे शहर मुळात ‘ब्रिजस्टो’, पुलापाशी माणसं जमायची ती जागा. ‘स्टेड’ उरला ‘इन्स्टेड’मध्ये, म्हणजे ‘च्या जागी’. आणि आपल्याकडं पाहा: स्थान, ठाणं, गावठाणातलं ठाण, ठाव, स्थावर, सगळे ‘स्था’च्या पोटचे. पाकिटावर ‘मु. पो.’ लिहितो त्यातला मुक्काम अरबी आहे, तोही उभं राहणं या धातूवरून. खरेदीखताच्या पहिल्या ओळीत ‘मौजे अमुक, तालुका तासगाव’ येतं त्या ‘मौजे’चं मूळ अरबी ‘मौजिअ’, म्हणजे जिथं काही ठेवलं, मांडलं ती जागा. खुद्द ‘जागा’ फारसीतून आली, ‘जायगाह’वरून.

बहुतेक भाषांत ठिकाण म्हणजे जिथं कुणी उभं आहे किंवा काही ठेवलं आहे ते. आत कुणीतरी आहे. प्लेस तसा नाही. तो रिकामा, पसरलेला, कुणी येण्याची वाट पाहणारा चौक आहे. म्हणूनच की काय, इंग्रजीत त्यात काहीही मावतं: घर, गाव, नोकरी, शर्यतीतला नंबर, पुस्तकातलं पान, बसमधली सीट. आणि म्हणूनच मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. आपला प्रत्येक शब्द विचारतो, ‘तिथं कोण आहे, काय करतंय?’

हे मी शिकलो ते एका वाटणीच्या दाव्यात. एका बाईंचा इंग्रजी जबाब होता. ‘ॲट माय ब्रदर्स प्लेस’ सह्या झाल्या, असं त्यात होतं. मी तेव्हा नवा होतो. लिहिलं: ‘विश्रामबाग येथील माझ्या भावाच्या जागेत सह्या झाल्या.’ पुढच्या तारखेला समोरचे वकील उठले आणि म्हणाले, ‘भावाची विश्रामबागेत जागा आहे हे वादीनंच कबूल केलंय. ती आजवर का दडवली?’ भाऊ तिथं भाड्यानं राहत होता! इंग्रजीत ‘प्लेस’ म्हटलं की राहतं घर, मालक कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सांगलीत ‘अमक्याची जागा’ म्हटलं की सातबारा नाहीतर सिटी सर्व्हेचा उतारा. दोन तारखा त्यात गेल्या. दुरुस्त भाषांतर, सोबत माझं प्रतिज्ञापत्र, आणि वर आमच्या वकीलसाहेबांचं एक वाक्य जे मी इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी ‘राहत्या घरी’ लिहितो.

‘स्थळ’ तर त्याहून नाजूक. संस्कृतात ‘स्थल’ म्हणजे पाण्याच्या विरुद्ध, कोरडी उंच जमीन. २०१९ च्या महापुरात कृष्णा गावात शिरली तेव्हा ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवले’ असं रोज वाचत होतो. त्या वाक्यात शब्द आपल्या मूळ अर्थाला पोचला होता, लिहिणाऱ्याला कल्पना नसेल. सरकारी पत्राच्या कोपऱ्यात ‘स्थळप्रत’ असतं, ती कचेरीत ठेवायची प्रत. आणि ‘मुलीला स्थळ आलंय’ याचं यंत्राकडून भाषांतर करून बघा, करमणूक होईल. गंमत म्हणजे हल्ली इंजिनिअरिंगचा मुलगा ‘प्लेस झाला’ म्हणतात, म्हणजे नोकरी लागली, आणि तो प्लेस झाला की मग त्याचं ‘स्थळ’ होतं. वेबसाइटला आपण ‘संकेतस्थळ’ केलं. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीनं चोरून भेटायची जागा. तालुक्याच्या कचेरीचं संकेतस्थळ उघडताना मला ते आठवतं आणि हसू येतं.

‘ठिकाण’ मला त्यातल्या त्यात सोपं वाटतं, कारण त्याला मालकी चिकटत नाही. फक्त ‘डोकं ठिकाणावर आहे का’ इथं जपायचं. ‘स्थान’ मानाचं: पहिलं स्थान, मनातलं स्थान. गणितातही तेच. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटानं एका स्थानाहून पुढचं स्थान दहापट, असं सांगून ठेवलंय, आणि इंग्रजीतलं ‘प्लेस व्हॅल्यू’ त्याच कल्पनेचं नाव आहे. आपल्या पुस्तकांत त्याला ‘स्थानिक किंमत’ म्हणतात. माझ्या नातवानं ते ऐकून विचारलं होतं, म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा भाव का? पोराचं काय चुकलं?

इंग्रजी ‘स्पॉट’वर मी फार थांबत नाही. तो मुळात डाग, ठिपका. ठिपक्याएवढी नेमकी जागा म्हणून ‘ऑन द स्पॉट’. पोलीस ‘स्पॉट पंचनामा’ म्हणतात, आपण ‘जागेवर’ म्हणतो. काम चालतं.

काही वाक्यांत तर प्लेसला जागाही नको नि ठिकाणही नको. ‘आय कान्ट प्लेस हिम’ म्हणजे चेहरा ओळखीचा वाटतो, पण हा कुठला ते ध्यानात येत नाही. मराठीतही तिथं ‘कुठला’ येतंच. आपल्याकडं माणसाची ओळख त्याच्या गावापासून सुरू होते, एसटीत शेजारी बसलेला माणूस नावाआधी गाव विचारतो. ‘नो युवर प्लेस’ला ‘पायरी ओळखून राहा’. ‘आउट ऑफ प्लेस’ला आपल्याकडं ‘अस्थानी’ हा शब्द आयता पडून आहे, कुणी वापरत नाही.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडं येतो.

‘टेक प्लेस’ हा शब्दप्रयोग इंग्रजीनं फ्रेंचवरून केला. फ्रेंचमध्ये घटनेला ‘जागा असते’, आधी इंग्रजीतही ‘हॅव प्लेस’ होतं, पंधराव्या शतकात ‘टेक प्लेस’ रुळलं. म्हणजे घटना येते आणि त्या रिकाम्या चौकात आपला कोपरा धरते. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तशी.

मराठीत घटनेची चाल अगदी उलट आहे. सभा जागा घेत नाही, सभा भरते. बाजार भरतो, शाळा भरते, यात्रा भरते. पालीच्या खंडोबाची यात्रा सुरू होताना पाहिली असेल तर कळेल. आदल्या दिवशी ओसाड वाटणारं नदीकाठचं वाळवंट, पहाटे दोन पालं, उन्हं वर येईतो शंभर, दुपारी भंडाऱ्यानं सगळं पिवळं, पाय ठेवायला जागा नाही. ‘भरते’ हे क्रियापद तिथं शब्दशः खरं आहे. भांडं भरावं तशी मोकळी जमीन माणसांनी भरते. इंग्रजाला प्लेस घ्यावा लागतो, आपण तो भरतो.

पण सगळंच भरत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा, नाहीतर ‘अपघात भरला’ लिहितील. अपघात होतो किंवा घडतो. लग्न लागतं. निवडणूक पार पडते. नाटकाचा प्रयोग होतो, आणि ‘रविवारी कुठलं नाटक लागलंय’ असंही विचारतात. परीक्षा होते, पण बदल ‘होतो’ आणि ‘घडून येतो’ यांत फरक आहे. पहिला आपोआप, दुसऱ्यामागं कुणाचा तरी हात. एका ‘टेक प्लेस’ला मी किमान सहा क्रियापदं वापरतो, आणि कुठलं ते ठरवायला आधी घटना डोळ्यांसमोर आणावी लागते.

आणि तरीही ‘जागा घेणे’ मराठीत आहे! तुमच्या मुलीनं वापरलेला शब्दप्रयोग निरर्थक नाही, फक्त सभेला लागू नाही. जागा गायक घेतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावाला नाट्यपंढरी म्हणवून घ्यायची सवय आहे, आणि जुन्या नाट्यपदांचे कान असलेली माणसं इथं अजून सापडतात. आमच्या गल्लीत एक आजोबा होते, मिरजेहून तंबोरे आणून विकायचे. रेडिओवर पद लागलं की ते डोळे मिटून बसत. गायक एका शब्दावर रेंगाळला, सरळ सुरावरून सरळ न जाता मधे एक बारीकसं वळण घेऊन, क्षणभर थांबून पुन्हा ओळीत आला, की आजोबांची मान हलायची आणि तोंडातून निघायचं, ‘अहाहा, काय जागा घेतली!’ ती जागा कागदावर नसते. मूळ चालीत ती मोकळी असते, दुसरा गायक तिथून नुसता निघून जातो. ज्याला दिसते तोच घेतो. अरबी संगीतात आपल्या रागासारखी जी गोष्ट आहे तिला ‘मकाम’ म्हणतात, म्हणजे पुन्हा जागाच, आपल्या मुक्कामाचा भाऊ. त्याचं इंग्रजी ‘प्लेस’ करून काहीच हाती लागत नाही. मी एकदा एका लेखाच्या भाषांतरात तीन ओळी खर्चून समजावलं होतं, संपादकानं दोन कापल्या.

तेव्हा वर्गात तिला उभी करून सांगा, की तिचं वाक्य चुकलं पण शब्द मराठीच होता, आणि वर्गाला एखादं नाट्यपद ऐकवा. हसणाऱ्या पोरांना ‘जागा’ कुठं घेतली ते ओळखायला लावा. सोपं नाही.

राहिले प्लॉट आणि पॅलेस. फ्लॅटचं वर आलंच. प्लॉट दिसायला सख्खा वाटतो, अर्थानंही जवळचा, पण या घरातला नाही. जुन्या इंग्रजीत तो जमिनीचा छोटा तुकडा म्हणून वेगळाच नांदत होता. पॅलेस तर रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवरून आला, तिथं सम्राटांचे वाडे होते म्हणून. साताऱ्यात मुलांना दाखवायला हे फार सोयीचं आहे. राजवाडा आणि त्याच्यापुढचं गांधी मैदान एकमेकांना लागून आहेत. इंग्रजीत एक पॅलेस, आणि दुसरं, जुन्या अर्थानं बघाल तर, अस्सल प्लेस. बांध एक, भाऊबंदकी नाही.